नाहीत की नव्हते

बाईंचा माझ्यावर विश्वास आहे असं मला त्यांच्या हाताखाली काढलेल्या सहा वर्षांत क्वचितच वाटलं. पहिली दोन वर्षं तर माझाही त्यांच्यावर नव्हता.

शिकागोच्या उपनगरांत मुलांचं एक हॉस्पिटल होतं. त्याच्या तळमजल्यावर बाईंची लॅब होती. ज्या मुलांची रोगाशी लढायची ताकद जन्मापासूनच अधू असते, घराण्यातून तसा दोष चालत आलेला असतो, अशी मुलं त्यांच्याकडे यायची. मी मिरजेला लॅबचं शिक्षण घेतलेली, लग्न होऊन जवळच्याच शॉमबर्गला आलेली. त्या नागपूरच्या. इतरांसमोर मी त्यांना 'डॉक्टर' म्हणत असे. आम्ही दोघीच असलो की 'बाई'.

कुठलाही रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कोण म्हणतं?"

एकदा सहा महिन्यांच्या एका मुलीचा रिपोर्ट घेऊन गेले. पांढऱ्या पेशींच्या पुढे मशीननं 'नॉर्मल' छापलं होतं.

"कोण म्हणतं?"

"मशीन म्हणतं, बाई."

"मशीनला ठाऊक होतं का, पोरगी सहा महिन्यांची आहे ते? हा आकडा तुला-मला ठीक आहे. बाळाला याच्या दुप्पट पाहिजे. या आकड्यावर पोरगी मरून राहिली आणि तुमचं मशीन तिला नॉर्मल म्हणून राहिलं!"

त्या मुलीला पुढे तिच्या भावाचा बोन मॅरो दिला आणि ती जगली. तेव्हापासून मी रिपोर्ट नेताना आधी मुलाचं वय बघायला लागले. पण त्यांचा तो प्रश्न काही थांबला नाही.

त्यांच्या पर्समध्ये एक पेनाएवढा टॉर्च असे. लिफ्टमध्ये, किराणा दुकानाच्या रांगेत, कुठंही लहान मूल दिसलं आणि ते शेंबडं वाटलं, की त्या आईची परवानगी घेऊन, आणि कधी न घेता, त्याच्या घशात टॉर्च मारायच्या. टॉन्सिल्स बघायच्या. दुसऱ्या डॉक्टरांना सुजलेल्या टॉन्सिल्सची काळजी; यांना नसलेल्यांची, कारण अशा काही अधू मुलांच्या टॉन्सिल्स वाढतच नाहीत. एका अमेरिकन बाईनं त्यांच्यामुळे सिक्युरिटीला बोलावलं होतं. सर्दी झालेला माणूस लॅबच्या दारात आला तरी त्या त्याला हातानं हाकलत. स्वतःचा डबा त्या कुलपाच्या कपाटात ठेवत, कारण फ्रिजमध्ये कोण काय ठेवतं याचा त्यांना भरवसा नव्हता.

रोज सकाळी टेस्ट लावताना निरोगी माणसाचं थोडं रक्त तुलनेसाठी लागतं. ते त्या स्वतःचंच देत. दुसऱ्या कुणाच्या निरोगीपणावर त्यांचा विश्वास नव्हता. दोन्ही कोपरांच्या खोबणीत त्यांना सुयांचे डाग होते आणि म्हणून उन्हाळ्यातही त्या लांब बाह्यांचा ब्लाउज घालत.

लोक म्हणत, लहानपणी यांचा एखादा भाऊ असाच गेला असणार, म्हणून हे वेड. मी एकदा धीर करून विचारलं. त्या हसल्या. "तिघं भाऊ आहेत. तिघंही रेल्वेत. एकेकाचं पोट बघशील तर घाबरशील."

मला खरा संशय वेगळ्याच गोष्टीचा होता. प्रत्येक मुलाच्या रक्ताची एक जास्तीची नळी त्या बाजूला काढत. तिच्यावर देवनागरीत काहीतरी खूण करत आणि ती कोपऱ्यातल्या छोट्या फ्रीझरमध्ये ठेवत. त्याची किल्ली त्यांच्या गळ्यातल्या साखळीत असे. मला वाटायचं, या बाई लोकांच्या मुलांचं रक्त न विचारता साठवतात आणि त्यावर आपले पेपर लिहितात. विचारायची हिंमत नव्हती. पण संशय एकदा धरला की त्याला खाद्य मिळतच राहतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर रोज आठ तास काढले, पण त्यांना एकदाही घरी जेवायला बोलावलं नाही. का, ते मला कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. आणि जे सांगता आलं असतं, ते सांगण्यासारखं नव्हतं.

त्या वर्षी आमच्याकडच्या मराठी लोकांचा दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या जिममध्ये होता. बाई आल्या होत्या, भिंतीला खुर्ची लावून एकट्या बसल्या होत्या. माझी मैत्रीण शैला, तिचा नवरा विलास, आणि त्यांचा सव्वा वर्षाचा निखिल तिथं आले. सोबत शैलाची आई होती, कराडहून आलेली. मी त्यांना मावशी म्हणत असे. ही मंडळी तीनच दिवसांपूर्वी भारतातून परतली होती. निखिल शैलाच्या खांद्यावर मलूल पडला होता. सहा महिन्यांचा होईपर्यंत गुटगुटीत असलेलं ते पोर नंतर सतत आजारी असे. कधी कान वाहायचा, कधी न्यूमोनिया.

बाई उठल्या, जवळ आल्या, आणि 'नमस्कार' म्हणायच्या आधी त्यांनी टॉर्च काढला. निखिलनं रडायला तोंड उघडलं तेवढं त्यांना पुरलं.

"सोमवारी दवाखान्यात आणा," त्या म्हणाल्या.

"पण डॉक्टर, ही इज फाइन नाउ," विलास म्हणाला. "अँटिबायोटिक चालू आहे."

"कोण म्हणतं फाइन?"

विलासचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाजूच्या दोन बायका एकमेकींकडे बघून हसल्या. "टॉर्चवाली," त्यांतली एक पुटपुटली.

सोमवारी रक्त काढायला मी दवाखान्यात हजर होते. बाईंनी शैलाला समोर बसवलं. कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारून त्या घराण्याचं झाड काढत होत्या. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन.

"तुला भाऊ किती?"

"मला भाऊ नाहीत. आम्ही दोघी बहिणी. मी आणि धाकटी कुंदा."

"नाहीत की नव्हते?"

शैला गोंधळली. "म्हणजे?"

"मराठीत विचारून राहिली मी. आज नाहीत, की कधी नव्हतेच?"

"नव्हते. आई तिकडे बसली आहे, हवं तर विचारा."

मावशी कोपऱ्यात निखिलचं दुपटं घडी करत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मला दोन मुलीच."

बाईंनी विलासकडे तोंड वळवलं. "याला कधी रक्त चढवलंय? रक्त, प्लाझ्मा, काही?"

"नो. नेव्हर."

"भारतात असताना?"

"आय टोल्ड यू, डॉक्टर. नो." त्याचा आवाज चढला. रक्तातून पसरणाऱ्या त्या नव्या रोगाची भीती तेव्हा अमेरिकेत घराघरात होती. ज्याला रक्त चढवलंय असं मूल पाळणाघरात घेत नव्हते, शेजारी आपली मुलं त्याच्याशी खेळू देत नव्हते. मला वाटलं, नुसता असा प्रश्न विचारणंसुद्धा किती क्रूर!

टेस्ट मीच लावली. जेलीच्या ताटलीत रक्तातलं पाणी थेंबाथेंबानं घालायचं. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती पांढरं वर्तुळ उमटतं. वर्तुळ जितकं मोठं, तितकी ती अँटिबॉडी जास्त. अँटिबॉडीच्या तीन मुख्य जाती आम्ही मोजायचो. निखिलच्या सगळ्यात महत्त्वाच्या जातीचं वर्तुळ लहान होतं, पण वयाच्या मानानं चालण्यासारखं. बाकी दोन जातींची वर्तुळं उमटलीच नव्हती म्हटलं तरी चालेल. काही मुलांच्यात त्या उशिरा येतात, हे मला माहीत होतं.

बाईंनी ताटली दिव्यासमोर धरली. बराच वेळ बघत राहिल्या.

"कोण म्हणतं हे याचं आहे?"

"बाई, नळीवर त्याचंच नाव आहे. मी स्वतः काढलंय रक्त."

"नळी त्याची असेल. हे वर्तुळ त्याचं नाही. ही जात शरीरात जास्त दिवस टिकते, बाकीच्या दोन्ही आठवड्याभरात विरतात. म्हणजे कुणाचं तरी उसनं आत गेलंय आणि एवढंच उरलंय. तो बाप खोटं बोलून राहिला. आणि ती म्हातारीही."

मला राग आला. माझ्या मैत्रिणीच्या घरच्यांना खोटारडे म्हणत होत्या, आणि माझ्या कामालाही. संध्याकाळी घरी आल्यावर शैलाला फोन केला. म्हटलं, "रिपोर्ट तसा ठीक आहे गं. आमच्या बाईंचं डोकंच संशयी. फार मनावर घेऊ नकोस. हवं तर दुसरीकडे दाखवा."

दुसऱ्या दिवशी विलासनं पुढची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. बाईंनी स्वतः त्यांना तीनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही.

तीन आठवड्यांनी, एका सकाळी मी कामावर पोचले तर शैला इमर्जन्सीच्या बाहेर चपला न घालता उभी होती. निखिलला मेंदूच्या आवरणाचा ताप, मेनिंजायटिस, झाला होता. पोर ताठरलं होतं. आत बाई होत्या.

दुपारी त्या खाली लॅबमध्ये आल्या ते निखिलची नवी नळी घेऊन. गळ्यातली किल्ली काढून त्यांनी तो छोटा फ्रीझर उघडला आणि तीन आठवड्यांपूर्वीची जुनी नळी बाहेर काढली. त्या दोन्ही त्यांनी एकाच ताटलीत, शेजारी शेजारी, स्वतःच्या हातानं लावल्या. मला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी ताटलीवर जुन्या रक्ताचं वर्तुळ होतं तसंच आलं. नव्याचं मोजलं तर अँटिबॉडी निम्म्यावर आली होती. स्वतःची असती तर इतक्या मोठ्या आजारात वाढायला हवी होती. ती फक्त संपत चालली होती, उसनी होती म्हणून.

तो फ्रीझर कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं. आजच्या शंकेचं उत्तर द्यायला कालचं रक्त हातात असावं, म्हणून.

बाई ताटली घेऊनच वर गेल्या. विलास कॉरिडॉरमध्ये खिडकीपाशी उभा होता. बाईंनी त्याला ती दोन वर्तुळं दाखवली. या वेळी आवाज चढवला नाही.

"कधी दिलं?"

विलासनं भिंतीला डोकं टेकवलं. "पुण्यात. न्यूमोनियाच्या वेळी. तिथले डॉक्टर म्हणाले प्लाझ्मा देऊन बघू. तीन दिवस देत होते." मग म्हणाला, "डॉक्टर, इथं कुणाला कळलं असतं तर आम्हाला कुणी दारात उभं केलं नसतं. मला वाटलं, कुणाला सांगायचं नाही."

"मला सांगायला पाहिजे होतं," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी त्यांना कुणाच्या पाठीवर हात ठेवताना पहिल्यांदाच बघत होते.

आता मावशी राहिल्या होत्या. निखिलच्या बहुतेक सगळ्या गोष्टी एकाच आजाराकडे बोट दाखवत होत्या, जो आईकडून येतो आणि मुलग्यांनाच होतो. उपचार तर सुरू झालेच होते. पण कुंदाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, आणि तिच्या रक्तातही हा दोष असू शकतो का, हे फक्त मावशी सांगू शकत होत्या.

वेटिंग रूममध्ये मावशी माळ घेऊन बसल्या होत्या. बाई शेजारच्या खुर्चीत बसल्या. मी उभी राहिले. दवाखान्याच्या मशीनमधून आणलेला चहाचा कागदी कप बाईंनी त्यांच्यापुढे केला. मावशींनी तो घेतला नाही. आधी विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात?"

बाईंनी आडनाव सांगितलं.

"म्हणजे... कुठले तुम्ही?"

"नागपूरचे. आम्ही बौद्ध."

मावशींनी मान हलवली आणि माळेकडे बघायला लागल्या. कप बाईंच्या हातातच राहिला. माझी कानशिलं तापली. मावशींमुळे, आणि मी स्वतः दोन वर्षं काय करत होते ते आठवून.

बाईंनी कप खाली ठेवला. "मावशी, तुम्ही माझं घराणं विचारलं. मी खरं सांगितलं. आता मी तुमचं विचारते. शैलाच्या आधी किती?"

मावशींची माळ थांबली.

"दोन," त्या म्हणाल्या. "दोघं मुलगे. एक दीड वर्षाचा, एक दोनाचा. असाच कान वाहायचा. असाच ताप. सासूबाई म्हणायच्या, ही पोरं खाते. त्यांनी फोटोसुद्धा ठेवू दिले नाहीत. मुलींना मी कधी सांगितलं नाही." मग बाईंचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "जावयांना सांगू नका हो. माझ्याकडून आलं म्हटल्यावर ते शैलाला टाकतील."

"तुम्ही काही खाल्लं नाही मावशी," बाई म्हणाल्या. "हा दोष तुमच्या आईकडून तुम्हाला आला असेल, तिला तिच्या आईकडून. त्यात कुणाचं पाप नाही. डोळ्यांचा रंग येतो ना, तसं येतं. जावयाला मी समजावते. तो खोटं बोलला, पण पोरासाठी बोलला."

आणि त्यांनी समजावलं. काय बोलल्या ते मला कळलं नाही. दार लावून घेतलं होतं. विलास बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो सरळ मावशींच्या पाया पडला.

निखिल वाचला. त्याचा डावा कान कायमचा गेला. दर महिन्याला त्याला शिरेतून गॅमा ग्लोब्युलिन द्यायला लागले. हजारो निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी. चार-पाच तास लागायचे. शैला त्याला गोष्टी सांगत बसायची आणि तो इंग्रजीत तिला मधेच थांबवायचा. दोन-तीन महिन्यांत त्याच्या गालांवर मांस आलं. विलासला ज्या रोगाची भीती होती तो त्याला झालेला नव्हता, हेही यथावकाश नक्की झालं.

डाव्या कानाचं मात्र माझ्या मनातून जाईना. ते तीन आठवडे माझे होते. शेवटी एक दिवस मी बाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि त्या फोनबद्दल सांगितलं.

त्या सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाल्या, "ठाऊक होतं."

"कसं?"

"रिपोर्ट मी कुणाला दिलाच नव्हता. आणि इमर्जन्सीत तो बाप मला म्हणाला, रिपोर्ट नॉर्मल होता ना मग. कुठून कळलं त्याला?"

"मग मला काढून का नाही टाकलंत?"

आता त्यांनी मान वर केली. "नवीन कुणी आली असती तर ती कुठं चुकते ते शोधण्यात दोन वर्षं गेली असती. तू कुठं चुकते ते मला आता ठाऊक आहे."

त्यानंतर पूर्ण वर्षभर मी लावलेली प्रत्येक टेस्ट त्या स्वतः पुन्हा लावत होत्या. दुपारी मी घरी निघाले की त्या माझ्या टेबलाशी येऊन बसायच्या. लॅबमधल्या सगळ्यांना दिसायचं. माझा अपमान व्हायचा आणि मी तो गिळायची. मग एक दिवस मी निघाले तरी त्या आपल्या खोलीतून उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. त्याच आठवड्यात मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. त्या आल्या. माझ्या मुलीच्या घशात टॉर्च मारला, पोटभर जेवल्या आणि भाजीत मीठ जास्त आहे म्हणाल्या.

मधल्या काळात मावशी परत गेल्या होत्या. निघायच्या आदल्या दिवशी त्या शैलाबरोबर लॅबमध्ये आल्या. दारातच उभ्या राहून बाईंना म्हणाल्या, "कुंदाला मी सांगीन. तिच्या सासरीही सांगीन. पण मला ते नीट बोलता येणार नाही. तुम्ही मराठीत लिहून द्या."

बाईंनी काम थांबवलं आणि दोन पानं लिहून दिली. मुलगा झाला तर जन्मतःच नाळेचं रक्त मुंबईला पाठवायचं. बाळात आईची अँटिबॉडी उतरलेली असते, ती बघून कुणी निर्धास्त व्हायचं नाही. अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशीच मोजायला लावायच्या. त्या नसल्या तर बाळाला जिवंत जंतूंची लस द्यायची नाही. गॅमा ग्लोब्युलिन मिळालं नाही तर घरातल्या एकाच निरोगी माणसाचा प्लाझ्मा, तपासून, दर महिन्याला. खाली त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली. मावशींनी कागद वाचला, न कळलेले दोन शब्द विचारून घेतले आणि मग घडी घातली.

पुढे दीडेक वर्षांनी हॉस्पिटलच्या पत्त्यावर भारतातून एक निळं हवाई पत्र आलं. पाठवणाऱ्याचं नाव मावशींचं होतं. बाईंनी ते उभ्यानंच वाचलं आणि माझ्याकडे दिलं.

कुंदाला मुलगा झाला होता. नाळेचं रक्त मुंबईला गेलं होतं, आणि त्यात त्या पेशी सापडल्या नव्हत्या. कुंदाच्या सासऱ्यांनी पहिल्या दिवसापासून स्वतःचा प्लाझ्मा द्यायचं ठरवलं होतं. ते दर महिन्याला एस.टी.नं पुण्याला जातात. बाळ अकरा महिन्यांचं झालं, उभं राहतं, आणि अजून एकदाही त्याला ताप आलेला नाही, असं मावशींनी लिहिलं होतं. सगळं पत्र वाचून झाल्यावर मी वरचा मायना बघितला. 'चि.' लिहून पुढे बाईंचं नाव, आणि 'हिस अनेक उत्तम आशीर्वाद.'

"पन्नाशी उलटलेल्या बाईला कुणी चिरंजीव लिहितं का?" बाई म्हणाल्या. पत्र माझ्या हातातून काढून घेऊन त्या कोल्ड रूममध्ये गेल्या आणि दार ओढून घेतलं.

आत त्यांचं काहीच काम नव्हतं. थोड्या वेळानं आमचा एक टेक्निशियन नळ्यांचा ट्रे घेऊन आत जायला आला. मी दारासमोर उभी राहिले आणि त्याला म्हटलं, जरा थांब.